तारण करणारा विश्वास

‘तुमचे तारण झाले आहे काय?’ हा प्रश्न आपल्या कॅथलिक कुटुंबांस हल्ली वारंवार ऐकावा लागतो. दांडेलीच्या बाजारात, बेळगावच्या बसस्थानकावर, कामधंद्यासाठी मडगावास किंवा हुबळीस गेलेल्या आपल्या मुलांच्या खोलीवर कोणी एखादा उत्साही उपदेशक येतो, हाती पुस्तिका ठेवतो आणि हा प्रश्न विचारतो. विचारणाऱ्याचा हेतू वाईट असतो असे आम्ही म्हणणार नाही. पुष्कळदा तो शुद्धच असतो. परंतु आपली माणसे गोंधळून जातात. कोणी रागावतो, कोणी हसून वेळ मारून नेतो, आणि बहुतेक जण म्हणतात, ‘आम्ही पिढीजात ख्रिस्ती आहोत. आमचा बाप्तिस्मा झाला आहे. चर्चच्या वहीत आमचे नाव आहे.’

हे उत्तर खोटे नाही. परंतु ते पुरेसेही नाही. चर्चची वही पाळकाच्या कपाटात राहते आणि मनुष्य आपल्या शेतात, आपल्या घरात, आपल्या भांडणतंट्यात राहतो. वहीतील नाव आणि तो मनुष्य ह्यांची गाठ कोठे पडते, हाच खरा प्रश्न आहे.

प्रथम त्या उपदेशकाच्या प्रश्नाचे पाहू. ‘झाले आहे काय’ असे तो एकाच काळात विचारतो. पवित्र शास्त्र मात्र तारणाविषयी तीनही काळांत बोलते. इफिसकरांस लिहिताना संत पौल म्हणतो की, कृपेने विश्वासाच्या द्वारे तुमचे तारण झालेले आहे. करिंथकरांस लिहिताना, ज्यांचे तारण होत आहे अशा आपणांविषयी तो बोलतो. रोमकरांस लिहिताना, आपण तारले जाऊ असा भविष्यकाळ तो योजतो; आणि फिलिप्पैकरांस तर, भीत व कापत आपले तारण साधून घ्या, असे बजावतो. तेव्हा कॅथलिक मनुष्याने न अडखळता सांगावे, ‘ख्रिस्ताने मला तारले आहे, तो मला तारीत आहे आणि तो मला तारील अशी माझी आशा आहे.’ एवढे सांगितले की वादविवादाची बाजू संपली. विश्वासाची बाजू मात्र तेथून सुरू होते, आणि ती अधिक अवघड आहे.

विश्वास म्हणजे काय? देव एकच आहे हे ठाऊक असणे म्हणजे विश्वास असेल, तर तो भुतांपाशीही आहे, असे संत याकोब आपल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात रोखठोक सांगतो. भुतांस देवाविषयी शंका नसते. ती मानतात आणि थरथर कापतात. परंतु त्या मानण्याने त्यांचे काही भले होत नाही. म्हणजे ठाऊक असणे हा एक भाग झाला, ते खरे आहे असे मनाने मान्य करणे हा दुसरा भाग झाला, आणि ज्याच्याविषयी हे ठाऊक आहे त्याच्या हाती स्वतःला सोपवणे हा तिसरा. ह्या तिसऱ्या भागावाचून पहिले दोन उपाशी राहतात. काळी नदीवर पूल नव्हते त्या दिवसांची कल्पना करा. काठावर उभे राहून ‘हा नावाडी हुशार आहे’ असे म्हणणे वेगळे, आणि श्रावणातल्या लाल पाण्यात त्याच्या होडीत पाय ठेवणे वेगळे. जो पाय ठेवतो त्याचाच विश्वास त्याला पैलतीरी नेतो.

हा दृष्टांत धर्मशिक्षणाच्या वर्गात फार वेळा सांगितला जातो, आणि मुलांस तो पटकन समजतो. परंतु आमच्या ह्या जिल्ह्यात तो सांगताना एक अडचण उभी राहते, तिच्याकडे डोळेझाक करणे आम्हांस योग्य वाटत नाही. ज्या मनुष्याने होडीत आपल्या मर्जीने पाय ठेवलाच नाही, ज्याला हातपाय बांधून जहाजात टाकले, त्याचे काय?

आम्ही सिद्दी बांधवांविषयी बोलत आहोत. उत्तर कन्नड जिल्ह्याच्या अरण्यात, हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड, अंकोला आणि थोड्याबहुत प्रमाणात आमच्या जोयडा तालुक्यातही त्यांची वस्ती आहे. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतील. पोर्तुगीजांनी मोझांबिक आदी किनाऱ्यांवरून त्यांस गुलाम म्हणून गोव्यात आणले. त्यांतील कित्येक धन्याच्या छळास कंटाळून घाट चढून पळाले आणि तेव्हाच्या सोंदे राज्याच्या रानांत लपले, असे इतिहासकार सांगतात. अनमोडच्या घाटाने आज आपण तासाभरात गोव्यात उतरतो. तो डोंगर रात्रीच्या अंधारात, मागे माणसे लागलेली असताना, लेकराला पाठीशी बांधून चढणे म्हणजे काय, ह्याचा विचार आपल्यापैकी किती जणांनी केला असेल? पोर्तुगीज सत्तेने आपल्या सर्व मुलखांत गुलामगिरी कायद्याने बंद केली ती १८६९ मध्ये. भारत सरकारने जिल्ह्यातील सिद्दींस अनुसूचित जमातींच्या यादीत घेतले ते २००३ मध्ये. आज त्यांच्यात हिंदू आहेत, मुसलमान आहेत आणि कॅथलिक आहेत. बोली बहुतांशी कोंकणी आहे; दमामाचा ताल तिन्ही धर्मांच्या सिद्दींच्या घरी घुमतो.

ह्या लोकांच्या पूर्वजांचा बाप्तिस्मा कसा झाला असेल? सोळाव्या शतकात पोर्तुगालच्या कायद्याने आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांचा बाप्तिस्मा करून घेण्याची जबाबदारी धन्यावरच टाकली होती. ज्याला त्या भाषेचा एक शब्द कळत नव्हता अशा मनुष्याच्या डोक्यावर पाणी ओतले गेले, त्याला एखाद्या संताचे नाव मिळाले, आणि दुसऱ्या दिवशी तो त्याच नावाने बाजारात विकला गेला. ज्या हातांनी पाणी ओतले त्यांना ह्यात विसंगती दिसली नसेल काय? काहींना दिसली, पुष्कळांना दिसली नाही. सत्य सांगावयाचे तर, १४५५ च्या एका पोपपत्राने पोर्तुगालच्या राजास परक्या देशांतील लोकांस दास्यात टाकण्याची मुभा दिली होती. पोप सोळावे ग्रेगरी ह्यांनी गुलामांच्या व्यापाराचा कडक निषेध केला तो १८३९ मध्ये, आणि त्या जुन्या पत्रांतून उभ्या राहिलेल्या विचारसरणीचा रोमच्या पीठाने स्पष्ट शब्दांत अव्हेर केला तो २०२३ मध्ये. घरातले दुखणे झाकून ठेवल्याने बरे होत नाही, म्हणून हे लिहिले.

तेव्हा प्रश्न असा की, असल्या बाप्तिस्म्याने तारण होते काय? त्या गुलामापाशी तारण करणारा विश्वास होता काय?

ह्या प्रश्नाचे उत्तर ख्रिस्तसभेच्या शिकवणीत फार जुने आहे. ते पाळले गेले नाही एवढेच. पाचव्या शतकात संत ऑगस्टीन ह्यांनी संत योहानाच्या शुभवर्तमानावर प्रवचने केली. त्यांत ते सांगतात की, मनुष्य इच्छा नसतानाही मंदिरात येऊ शकेल, इच्छा नसतानाही वेदीपाशी जाऊ शकेल, इच्छा नसतानाही संस्कार घेऊ शकेल. विश्वास मात्र इच्छेवाचून ठेवता येणे शक्य नाही. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने ७ डिसेंबर १९६५ रोजी धर्मस्वातंत्र्याविषयीचा जाहीरनामा काढला, त्यातही हेच सांगितले आहे: देवाला विश्वासाने दिलेला प्रतिसाद हा मनुष्याने मोकळेपणाने दिलेला असला पाहिजे, कोणावरही विश्वासाची सक्ती करता येत नाही. गोव्यात १५६० पासून १८१२ पर्यंत, मधली थोडी वर्षे सोडून, धर्मन्यायासन चालले. त्याच्या कारभाराकडे ह्या शिकवणीच्या उजेडात पाहिले म्हणजे मान खाली जाते.

म्हणून आमचे मत असे की, धन्याने बळे ओतवून घेतलेल्या पाण्याच्या जोरावर तो गुलाम ख्रिस्ताचा झाला असे मुळीच म्हणू नये. मोठ्या माणसाच्या मनाविरुद्ध केलेला बाप्तिस्मा ख्रिस्तसभा बाप्तिस्माच मानत नाही. परंतु येथे एक आश्चर्य घडले, आणि त्यापुढे आम्ही धर्मगुरूंनीही डोके टेकावे. धन्याच्या घरातून पळालेल्या मनुष्याने धन्याची चाकरी टाकली, धन्याचा गाव टाकला, धन्याची भीती टाकली. धन्याने दिलेला देवही त्याला टाकून देता आला असता. अरण्यात त्याला विचारणारे कोण होते? चर्च नाही, पाद्री नाही, दंड करणारा नाही. तरीही त्यांतील काही घरांत क्रूस राहिला, मरिया माउलीचे नाव राहिले, मुलांस संतांची नावे ठेवणे राहिले. पुढे केव्हातरी धर्मगुरू त्या रानात पोहोचले तेव्हा त्यांना बाप्तिस्मा मागणारी माणसे भेटली. पहिल्या वेळी ज्यावर सक्ती झाली तेच दुसऱ्या वेळी त्यांनी आपण होऊन धरून ठेवले. विश्वासाचा आरंभ आम्ही ह्या धरून ठेवण्यात पाहतो, त्या पहिल्या पाण्यात पाहत नाही. ती माणसे देवाविषयी काय समजली असतील? एवढेच की, जो क्रूसावर लटकला आहे तो धन्याच्या पक्षाचा नाही. त्यालाही बांधले होते, त्यालाही फटके मारले होते, त्यालाही तीस रुपयांना विकले होते. पांडित्याच्या दृष्टीने हे ज्ञान थोडे असेल. परंतु ख्रिस्ती धर्माचा गाभा त्यात आहे.

ह्याच सुमारास, ज्या गोव्यात गुलामांचा बाजार चालत होता त्याच गोव्यात, एका तरुण धर्मगुरूने एक विलक्षण कागद लिहिला. संत जोसेफ वाझ ह्यांचे नाव आपल्या घरोघरी आहे. बाणावली येथे १६५१ मध्ये ते जन्मले, आणि १४ जानेवारी २०१५ रोजी पोप फ्रान्सिस ह्यांनी कोलंबो येथे त्यांस संतपद दिले. ५ ऑगस्ट १६७७ रोजी सांकवाळच्या चर्चमध्ये त्यांनी देवमातेच्या नावे दास्यपत्र लिहून दिले. आपण तिचे कायमचे गुलाम आहोत असे स्वतःच्या सहीने जाहीर केले. गुलाम म्हणजे काय हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नसेल. रस्त्यावर रोज दिसत होते. ज्या शब्दाने जगातली सर्वांत मोठी अप्रतिष्ठा सांगितली जाई, तो शब्द त्यांनी उचलला आणि आपल्या नावापुढे लावला. संत पौलही रोमकरांस पत्र लिहिताना स्वतःची पहिली ओळख येशू ख्रिस्ताचा दास अशीच देतो. विकला गेलेला गुलाम आणि स्वतःला देऊन टाकणारा दास ह्यांत जे अंतर आहे, तेच बळे लादलेला धर्म आणि तारण करणारा विश्वास ह्यांत आहे. बाहेरून दोघेही वाकलेले दिसतात.

वाझ १६८१ पासून १६८४ पर्यंत ह्या कानडा प्रांतातच होते. मग १६८७ मध्ये ते मजुराच्या वेषात लंकेत शिरले. तेथे डच सत्तेने कॅथलिक उपासना बंद केली होती आणि सुमारे तीस वर्षे लोकांस धर्मगुरू मिळाला नव्हता. आपल्यावर सत्ता गाजवणाऱ्याचा धर्म मान्य केला असता तर त्या लोकांस सुख लागले असते. परंतु कित्येकांनी घरात चोरून प्रार्थना चालू ठेवली होती. पाद्री नसताना विश्वास टिकतो, हे आमच्यासारख्या पाद्र्यांनी अधूनमधून आठवावे हे बरे.

गुलामाच्या विश्वासाची आणखी एक कथा आपल्या काळाजवळची आहे. सुदानच्या दार्फुर भागात एका लहान मुलीस व्यापाऱ्यांनी पळवून नेले. भीतीने ती आपले नावही विसरली, आणि पळवणाऱ्यांनीच तिला ‘बखिता’, म्हणजे भाग्यवान, हे नाव दिले. हे थट्टेचे नाव होते. तिला पुनःपुन्हा विकण्यात आले. एका घरी तिच्या अंगावर सुरीने नक्षी कोरून त्यात मीठ भरले, त्या शंभराहून अधिक खुणा जन्मभर राहिल्या. पुढे एका इटालियन अधिकाऱ्याने तिला विकत घेतले आणि ती १८८५ मध्ये इटलीत पोहोचली. व्हेनिस येथे कनोसियन भगिनींच्या घरी तिला धर्मशिक्षण मिळाले. मालकीण तिला परत आफ्रिकेत नेण्यास आली तेव्हा ती प्रथमच ‘नाही’ म्हणाली, आणि २९ नोव्हेंबर १८८९ रोजी तेथील न्यायालयाने ती स्वतंत्र आहे असा निर्णय दिला. त्यानंतर सहा आठवड्यांच्या आत, ९ जानेवारी १८९० रोजी, तिचा बाप्तिस्मा झाला.

हा क्रम वाचकांनी ध्यानात घ्यावा. प्रथम ‘नाही’, मग ‘होय’. ज्याला नाही म्हणण्याची मोकळीक नाही त्याचे होय म्हणजे नुसता आवाज. पोप सोळावे बेनेडिक्ट ह्यांनी आशेविषयीच्या आपल्या २००७ च्या विश्वपत्रात बखिताची कथा आरंभीच सांगितली आहे. तिने आजवर पुष्कळ धनी पाहिले होते आणि सर्व मारणारे होते. सर्व धन्यांच्या वर एक धनी आहे, तो आपणांस ओळखतो, तो आपणांवर प्रेम करतो, आणि त्याने स्वतः फटके खाल्ले आहेत, हे तिला कळले. पुढे ती कनोसियन भगिनी झाली, ८ फेब्रुवारी १९४७ रोजी तिने देह ठेवला, आणि २००० साली ख्रिस्तसभेने तिला संत म्हणून जाहीर केले. ज्या कुंडावर आपला बाप्तिस्मा झाला त्याचे ती जाता-येता चुंबन घेत असे. आपल्यापैकी किती जणांस आपल्या बाप्तिस्म्याची तारीख पाठ आहे?

येथे एखादा वाचक म्हणेल, ‘पाद्रीबाबा, आमचाही बाप्तिस्मा आम्हांस न विचारताच झाला. तान्ह्या बाळाला कोण विचारतो?’ प्रश्न रास्त आहे. परंतु बाळाला पाजतानाही आपण विचारत नाही, त्याला नाव ठेवतानाही विचारत नाही, मातृभाषा शिकवतानाही विचारत नाही. आईबाप जे उत्तम आहे ते देतात. धनी गुलामाला देतो ते स्वतःच्या सोयीसाठी असते आणि आई लेकराला देते ते लेकरासाठी असते; म्हणून दोन्हींची बरोबरी होत नाही. ख्रिस्तसभा बाळाला आईबापांच्या आणि धर्ममातापित्यांच्या विश्वासावर बाप्तिस्मा देते. तथापि हे उसने धन आहे, ते केव्हातरी स्वतःचे करावे लागते. पुनरुत्थानाच्या रात्री, मेणबत्ती हाती धरून, आपण बाप्तिस्म्याची वचने पुन्हा उच्चारतो. सैतानाला आधी नाही म्हणतो, मग देवाला होय म्हणतो. त्या रात्री आपले कित्येक पुरुष बांधव चर्चच्या दाराबाहेर गप्पा मारीत उभे असतात हे आम्ही पाहतो. ह्या लेखात आम्ही ‘आम्ही’ असे लिहीत आहोत, तशी लिहिण्याची रीत आहे. परंतु प्रेषितांच्या मतांगीकारात पहिला शब्द ‘मी’ आहे. ते वाक्य कुटुंबाच्या वतीने कुटुंबप्रमुखाने उच्चारून चालत नाही.

ह्यासाठी कळावयासही हवे. विश्वास ऐकण्याने होतो, असे संत पौल रोमकरांस सांगतो. फादर थॉमस स्टीफन्स ह्यांचे ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले. दहा हजारांहून अधिक ओव्या एका इंग्रज मनुष्याने मराठीत रचल्या त्या ह्याच कारणाने की, लोकांच्या डोक्यावर पाणी पडले परंतु त्यांच्या कानांवर काही पडले नाही असे होऊ नये. पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने लोकांच्या बोलीवरच बंदीचा हुकूम काढला. त्याने विश्वासाचे किती नुकसान झाले हे देवास ठाऊक.

आता श्रद्धा आणि कृत्ये ह्यांविषयी, कारण पुस्तिका वाटणारे बंधू शेवटी तेथेच येतात. मार्टिन ल्यूथर ह्यांचा वाद १५१७ मध्ये सुरू झाला. त्रेंत येथील महासभेने १३ जानेवारी १५४७ रोजी आपले उत्तर दिले. विश्वास हा मनुष्याच्या तारणाचा आरंभ आहे, पाया आहे, मूळ आहे, असे त्या महासभेनेच म्हटले आहे. कृपेपूर्वीच्या आपल्या कोणत्याही कृत्याने ती विकत घेता येत नाही हेही म्हटले आहे. ‘कॅथलिक लोक कृत्यांनी स्वर्ग कमावतात’ हा आरोप म्हणूनच निराधार आहे. परंतु आशा आणि प्रीती जडल्यावाचून नुसता विश्वास मनुष्यास ख्रिस्ताशी पूर्णपणे जोडीत नाही, हेही तिने सांगितले.

जोयड्याच्या लोकांस हे समजावयास लॅटिन नको. अलीकडे दर हिवाळ्यात जोयड्यास कंदमुळांचा मेळा भरतो, तेथे कुणबी बंधुभगिनी आणतात ते एकेक कोनफळ पाहावे. पावसाच्या तोंडावर कंदाचा तुकडा मातीत ठेवला, तो कोणास दिसत नाही. त्यातून वेल निघते, झाडावर चढते. वेलीमुळे कंद झाला असे कोणी म्हणत नाही, कारण कंद आधी होता. परंतु श्रावणात वेल हिरवी चढली नाही तर खाली काही नाही हे प्रत्येक शेतकरी जाणतो. आणि पाने जे ऊन घेतात त्यानेच मातीतला कंद भरतो हेही त्याला ठाऊक आहे. विश्वासातून प्रीतीची कृत्ये निघतात आणि त्या कृत्यांनी विश्वास भरतो. गलतीकरांस लिहिताना प्रीतीच्या द्वारे कार्य करणारा विश्वास असे संत पौल म्हणतो, ते हेच. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्ग येथे कॅथलिक आणि ल्यूथरन ह्या दोन्ही पक्षांनी संयुक्त घोषणापत्रावर सह्या करून ह्या वादातील मुख्य गाठ सोडवली. बातमी अजून आपल्या बसस्थानकांपर्यंत पोहोचलेली दिसत नाही.

ह्या तालुक्यास आणखी एका गोष्टीचा अनुभव आहे. सुपे धरणाचे काम १९७४ च्या सुमारास सुरू झाले आणि १९८७ मध्ये संपले. जुने सुपे गाव पाण्याखाली गेले, तालुक्याचे ठाणे जोयड्यास आले, आणि पुष्कळ कुटुंबांनी रामनगर येथे नव्याने चुली मांडल्या. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात अब्राहामाच्या विश्वासाची थोरवी सांगितली आहे: कोठे जावयाचे हे ठाऊक नसता तो निघाला. सुपेकरांस कोठे जावयाचे हे ठाऊक होते, परंतु जाण्याची इच्छा नव्हती. हा भेद मोठा आहे, आणि उठवलेल्या माणसाला अब्राहामाचे उदाहरण सहज देऊ नये. तथापि त्या सक्तीच्या वाटेवरही एक गोष्ट मनुष्याच्या हाती राहते: देवाशी भांडावे की त्याला सोडून द्यावे. स्तोत्रकर्ते देवाशी पुष्कळ भांडले आहेत. भांडणारा मनुष्य अजून देवाकडे तोंड करून उभा असतो. आम्ही त्याला अविश्वासी म्हणत नाही.

आपल्या कुणबी आणि गवळी शेजाऱ्यांचे काय, असेही काही वाचक विचारतात. ज्यांनी स्वतःचा दोष नसता ख्रिस्तास ओळखले नाही, परंतु प्रामाणिक मनाने देवाचा शोध घेतात आणि त्याच्या कृपेने आपल्या विवेकाच्या हाकेप्रमाणे वागतात, त्यांचेही तारण होऊ शकते, असे दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने १९६४ मध्ये सांगितले आहे. त्यांचा न्याय करावयास आपणांस बसविलेले नाही. आपल्याविषयीचा प्रश्न अधिक कडक आहे, कारण आपणांस अधिक दिलेले आहे.

भुतांच्या विश्वासाचे ते वाक्य संत याकोबाने ज्या अध्यायात लिहिले, तो अध्याय कशाने सुरू होतो हे फार थोड्यांच्या लक्षात असते. तो सुरू होतो बसण्याच्या जागेने. सोन्याची अंगठी घातलेला मनुष्य सभेत येतो, त्याला चांगली जागा मिळते. मळक्या वस्त्रांतला गरीब येतो, त्याला सांगतात, तू तेथे उभा राहा, किंवा माझ्या पायांपाशी खाली बस. याकोब म्हणतो, प्रभु येशू ख्रिस्तावरील विश्वास असा तोंड पाहून बाळगू नका. म्हणजे विश्वास जिवंत की मेलेला, ह्याची पहिली परीक्षा त्याने बाकावर घेतली आहे. आमच्या ह्या भागातील चर्चांत सिद्दी कुटुंबे कोठे बसतात, सणाच्या जेवणात त्यांच्या पंक्तीस कोण बसतो, आणि त्यांच्या मुलाचे स्थळ आले तर आपल्या घरात काय बोलले जाते, हे आमच्या वाचकांस आम्हांपेक्षा अधिक ठाऊक आहे. सगळीकडे सारखेच आहे असे नव्हे. जेथे दोन समाजांची मुले एकत्र वेदीसेवा करतात अशी ठिकाणेही आहेत, आणि तेथे थोरांनीही काही अंशी लाज सोडली आहे. परंतु भेद उरलेला नाही असे म्हणावयाचे धैर्य आम्हांस नाही.

बायबलात संत पौलाचे एक पान-दीड पानाचे पत्र आहे, ते पुष्कळांनी वाचलेले नसते. फिलेमोन नावाचा एक सुखवस्तू ख्रिस्ती होता. त्याच्या घरी मंडळी प्रार्थनेस जमत. त्याचा ओनेसिम नावाचा गुलाम त्याच्यापासून दूर झाला, बहुधा पळाला, आणि फिरत फिरत तुरुंगात असलेल्या पौलापाशी आला. तेथे त्याने विश्वास धरला. धन्याच्या घरी प्रार्थना चालत असताना नव्हे, तर बेड्या घातलेल्या एका म्हाताऱ्याच्या सहवासात. पौल त्याला परत पाठवतो आणि फिलेमोनास लिहितो की, आता त्याला गुलाम म्हणून नको, प्रिय बंधू म्हणून घे. मला घेशील तसे त्याला घे. त्याचे काही देणे असेल तर माझ्या खात्यावर मांड. हे पत्र गोव्याच्या धन्यांच्या चर्चमधील बायबलातही होतेच.

फिलेमोनाने पुढे काय केले हे शास्त्रात लिहिलेले नाही. पत्राच्या अखेरीस पौल फक्त एक साधी घरगुती गोष्ट सांगतो: माझ्यासाठी राहण्याची एक खोली तयार ठेव. तो स्वतः येऊन पाहणार होता.